घरी येऊन रक्त नेणारी लॅब : चार महिने वापरली, त्याचा हिशोब

लॅबचं नाव लिहीत नाही. आमच्या इचलकरंजीत अशा तीन-चार आहेत, डब्यांचे रंग तेवढे वेगळे. कारभार थोड्याफार फरकानं सगळीकडे हाच असणार, म्हणून नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते सांगते.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मी कुठल्या हिशोबानं बोलते ते कळेल. वय ५१. सव्वीस वर्षं ब्लाउज शिवते. तंबाखू सोडा, मिश्रीसुद्धा कधी लावली नाही. तरी जानेवारीत उजव्या फुप्फुसाचा वरचा कप्पा काढावा लागला. कॅन्सर लवकर सापडला, केमो लागली नाही, तो विषय इथंच संपला. उजव्या फुप्फुसाला तीन कप्पे असतात, डाव्याला दोन. आता दोन्हीकडे दोन-दोन. ‘माप जुळलं एकदाचं’ असं आमचे हे म्हणतात. हसायचं की रडायचं ते तुम्ही ठरवा.

ऑपरेशन कोल्हापुरात, दुर्बिणीतून. तीन छेद. पहिल्यांदा आरशात बघितले तेव्हा धंद्याची नजर गेलीच. मोठ्या छेदाला आतून घातलेला धावता टाका, एका रेषेत, कुठं चुणी नाही. छातीत साचलेलं बाहेर काढायला ठेवलेली नळी काढली, त्या भोकाचा टाका मात्र बटव्याच्या तोंडासारखा ओढून बांधलेला. तो दिसायला ओबडधोबड, पण नळी निघाल्या क्षणी भोक बंद व्हावं म्हणून तसाच घालतात, असं सिस्टरनं सांगितलं. बरं, म्हटलं.

घरी आल्यावर दर आठवड्याला रक्त तपासायला सांगितलं होतं, दोन तपासण्या: सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि सीआरपी, त्याचं पुढं सांगते. कोल्हापूर एसटीनं तासभर. हातकणंगल्यापर्यंत एकेक खड्डा बरगडीत मोजला जायचा. उशी छातीशी आवळून मी एक फेरी केली आणि मुलाला म्हटलं, परत नाही जायची. त्यानं मोबाइलवर ही सेवा शोधली. घरी येण्याचे १०० रुपये, तपासणीचे वेगळे.

पहिला अनुभव फोनवरच्या मुलीचा. तिनं सांगितलं, बारा तास उपाशी राहा. मी चहासुद्धा न घेता बसले. सकाळी ७ ची वेळ दिली होती, माणूस आला सव्वानऊला. नवा पोरगा. दंड असा आवळला की बोटं निळी. दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा मिळालं. नळ्या खिशात टाकाव्यात तशा डब्यात टाकल्या आणि गेला. संध्याकाळी फोन: रक्ताची गुठळी झालीय, परत द्यावं लागेल. पैसे परत घेतले नाहीत एवढं खरं, पण माझा हात काय फुकटचा आहे का?

दुसऱ्या दिवशी ज्या ताई आल्या त्यांच्यामुळंच ही सेवा पुढं चार महिने चालू ठेवली. पावणेसातला दारात. पहिलं वाक्य, ‘मावशी, काही खाल्लंय का?’ मी म्हटलं, उपाशी राहायला सांगितलंय की. त्या म्हणाल्या, ‘साखर-चरबी बघायची असेल तर उपाशी. तुमच्या या दोन तपासण्यांना काही लागत नाही. आधी चपाती खा, मी थांबते.’ खरंच थांबल्या. मग हात हातात घेऊन, नस बोटानं चाचपून, पंखासारखे दोन कान असलेली बारीक सुई. एकदाच. जांभळ्या टोपणाची नळी घेतली आणि हलक्या हातानं उलटी-सुलटी, उलटी-सुलटी करत राहिल्या, तान्ह्याला झोपवावं तशी. मी मोजलं, आठ वेळा. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, ते नीट मिसळलं नाही तर गुठळी होते. आदल्या दिवशीच्या पोराचं तिथंच चुकलं होतं. पिवळ्या टोपणाच्या नळीचं उलटं, तिच्यात रक्त गोठू द्यायचं आणि मग यंत्रात फिरवून वरचं पाणी वेगळं काढायचं. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाची ही एक गोष्ट बघा: जांभळी नळी तो हलवतो की नाही, आणि हलवतो तर घुसळतो की झुलवतो.

आता मुख्य तक्रार. ही नीट वाचा.

माझी मुख्य तपासणी सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. आमच्या जाऊबाईंनी त्या ‘सी’चा अर्थ कॅन्सर असा लावला आणि अख्ख्या गल्लीला सांगितलं की हिचा कॅन्सरचा आकडा अजून वर आहे. तसं काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हे प्रथिन १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. त्या जंतूच्या अंगावरच्या ‘सी’ नावाच्या एका भागाला ते चिकटतं, म्हणून तसं नाव. शरीरात कुठंही जखम झाली, सूज आली, जंतू शिरला की यकृत हे बनवायला लागतं. ऑपरेशन म्हणजे जखमच, त्यामुळं दोन-तीन दिवसांत आकडा कळसाला जातो आणि मग उतरतो. कारण संपलं की दिवसाला साधारण निम्मा होत जातो. माझा तिसऱ्या दिवशी १४८ होता, घरी सोडताना ४८.

घरच्या पहिल्या रिपोर्टात आला १.१. आमच्या यांनी पेढे आणले. चितळेंचे नव्हे, कोपऱ्यावरचे, पण आणले.

एकोणिसाव्या दिवशी रात्री अंगात कणकण. सकाळी ताप १०१, आणि नळीच्या भोकाभोवती लाल, हात लावला तर गरम. त्याच दिवशी रक्त दिलं, दुपारी एकला रिपोर्ट मोबाइलवर. सीआरपी ६.४. हे म्हणाले, ‘सोडताना ४८ होता, आता ६ आहे, काळजी कसली? गोळी घे आणि झोप.’ मीही झोपले. मुलानं सवयीनं रिपोर्ट कोल्हापूरच्या डॉक्टरांना पाठवला होता. वीस मिनिटांत त्यांचा स्वतःचा फोन. ‘हा आकडा डेसिलिटरमधला आहे. आमच्या हिशोबात तो ६४ धरा. आत्ता निघा.’

रुग्णालय मोजतं एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम. ही लॅब मोजत होती एका डेसिलिटरमध्ये, म्हणजे लिटरच्या दहाव्या भागात, किती. दहापटीचा फरक. पेढ्यांचा तो १.१ म्हणजे प्रत्यक्षात ११ होता, आणि ६.४ म्हणजे ६४. एकक रिपोर्टावर छापलेलं होतं, नाही असं नाही. मुंगीएवढ्या अक्षरात, आकड्याच्या उजवीकडे. वर कोपऱ्यात माणसाच्या शरीराचं हे मोठं रंगीत चित्र, यकृत पिवळं, किडनी हिरवी. त्या चित्राच्या जागेत एकक मोठं छापलं असतं तर काय बिघडलं असतं? मी गिऱ्हाइकाचं माप इंचात घेऊन सेंटिमीटरमध्ये कापड बेतलं तर गिऱ्हाईक ब्लाउज माझ्या तोंडावर मारेल. मारायलाच पाहिजे.

लॅबला फोन केला. त्यांचं म्हणणं, दोन्ही पद्धती मान्य आहेत, आमच्या संदर्भ मर्यादा त्याच एककात दिल्यात. खरं आहे. चूक म्हणता येत नाही, आणि म्हणूनच जास्त राग येतो. माझ्यासारख्या माणसाच्या हातात दोन ठिकाणचे कागद असतात आणि आम्ही आकड्याला आकडा लावून बघतो. त्यापुढं मी प्रत्येक रिपोर्टावर पेनानं एकक लिहायला लागले आणि सगळं लिटरवर आणून वहीत उतरवायला लागले.

जखमेत जंतू होते. भोक साफ केलं, औषधं बदलली, पाच दिवसांनी ६४ चे १४, पुढच्या आठवड्यात ३. इथं मात्र लॅबला पैकीच्या पैकी. सकाळी रक्त, दुपारी रिपोर्ट, तेही आजारी माणसाला अंथरुणातून न उठवता. जंतू कुठं आणि कुठला हे सीआरपी सांगत नाही, ते डॉक्टरांनी जखम बघूनच ठरवलं. पण आकडा चढतोय की उतरतोय, हे वेळेवर कळलं.

आणि इथून माझं खरं दुखणं सुरू झालं.

मार्चपर्यंत सगळे कागद स्वच्छ. सीआरपी २. पांढऱ्या पेशी नीट. एक्स-रे नीट. तीन गोळ्यांचं ते फुंकायचं, म्हणजे ओढायचं, यंत्र असतं ना, ६००, ९०० आणि १२०० लिहिलेलं, त्याचे दोन गोळे मी वर धरून ठेवत होते. पण उजव्या स्तनाखालून पाठीपर्यंत एक पट्टा रात्रंदिवस जळत होता. इस्त्री टेकवल्यासारखा. मध्येच वीज चमकावी तशी कळ. आणि गंमत बघा, त्याच पट्ट्यात वरून बोट लावलं तर बधिर, पण कापड घासलं की आग. आतल्या कपड्यांचा हूक लावणं बंद केलं. सव्वीस वर्षं गावाला फिटिंगचे ब्लाउज घालणारी मी, घरात यांचा जुना सुती शर्ट घालून मशीनवर बसत होते.

घरच्यांचं प्रेम आहे, पण त्यांच्या हातात कागद होता. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग दुखतंय कसं?’ हे मी किती वेळा ऐकलं असेल! जाऊबाई म्हणाल्या, मनातनं येतंय. धाकटा म्हणाला, आई, गुगल वाचू नको. जी तपासणी तापाच्या दिवशी माझ्या बाजूनं बोलली, तीच आता माझ्याविरुद्ध साक्ष देत होती.

अशा वेळी लॅबचा फोन आला. त्यांच्याकडे माझी सगळी कुंडली होतीच. ‘मॅडम, ऑपरेशननंतरचं खास पॅकेज आहे, सूज आणि वेदनेचं कारण रक्तातून कळतं, ५२०० चं ३२०० ला.’ मी घेतलं. का नाही घेणार? मला एक लाल बाण पाहिजे होता. कुठंतरी, काहीतरी वाढलेलं, जे जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून म्हणता येईल, हे बघा.

पॅकेजमध्ये काय होतं ते सांगते. सीआरपी, जी मी आठ दिवसांपूर्वीच केली होती. ईएसआर, तीही सुजेचीच. फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाचा साठा. ड जीवनसत्त्व, ते कमी आलं, ते आमच्या गल्लीत कोणाचं कमी नाही? इंटरल्यूकिन सिक्स, ज्याचा नमुना मुंबईला जातो म्हणून चार दिवस थांबायचं. आणि ‘एनएलआर’ अशी एक वेगळी ओळ. हे एनएलआर म्हणजे काय ते मुलानं शोधलं: न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार. दोन्ही आकडे साध्या सीबीसीत असतातच. ऑपरेशननंतरच्या पहिल्या सीबीसीत माझे ७२ आणि १८ होते, भागाकार ४. आता ५८ आणि ३२, म्हणजे १.८. चौथीतलं पोर करेल असा भागाकार, आणि तो ‘विशेष तपासणी’ म्हणून यादीत. हा म्हणजे ब्लाउजच्या शिलाईत दोऱ्याचे पैसे वेगळे लावण्याचा प्रकार.

सगळं नॉर्मल आलं. ड सोडून. त्या रात्री मी रडले. रिपोर्ट चांगला आला म्हणून रडणारी बाई तुम्ही बघितली नसेल.

शेवटी कोल्हापूरच्याच सर्जननी वेदनेच्या ओपीडीत पाठवलं. असा वेगळा विभाग असतो हेच मला माहीत नव्हतं. तिथल्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी माझी फाइल बंद करून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, ‘काकू, हे नंतर बघू. कुठं दुखतं ते बोटानं रेघ काढून दाखवा.’ मग एक मऊ ब्रश घेतला. मशीनच्या बॉबिनखालचा कापसाचा गाळ काढायला मी वापरते ना, अगदी तसला. तो पट्ट्यावरून फिरवला आणि मी खुर्चीवरून उठलेच. मग बोथट सुईनं टोचून बघितलं, डावीकडं कळलं, उजवीकडं कळलंच नाही. जळतं का, करंट बसतो का, मुंग्या येतात का, असे प्रश्न. दहा मुद्दे, चार किंवा जास्त आले तर दुखणं नसेचं असण्याची शक्यता धरतात. माझे सात आले. परीक्षेत पास झाल्याचा एवढा आनंद मला दहावीलासुद्धा झाला नव्हता.

त्यांनी कागदावर बरगडी काढून दाखवली. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक खोबण असते, तिच्यातून रक्तवाहिन्या आणि नस पाठीकडून पुढं येतात. मला पटकन कळलं: नेफ्यातली नाडी. दोन बरगड्यांमधून अवजारं आत-बाहेर होतात, नळी राहते, तेव्हा ती नस दाबली किंवा दुखावली जाऊ शकते. छेद लहान असला तरी. टाका बाहेरून कितीही सुबक असू दे, नाडी नेफ्याच्या आत चेमटली तर बाहेरून काय दिसणार?

मग मी पॅकेजचा रिपोर्ट पुढं केला. त्यांनी वाचला, हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, ‘हे आकडे खोटे नाहीत, पण हा प्रश्न त्यांना विचारायचा नव्हता. इंटरल्यूकिन सिक्स हा निरोप्या आहे. छेद गेल्यावर काही तासांत वाढतो, यकृताला सांगतो, मग सीआरपी वाढतं. ती सगळी धावपळ जानेवारीत होऊन गेली. तुमची नस आज दुखावलेली आहे, आणि तिची तक्रार दंडातल्या रक्तात उतरेलच असं नाही.’ मी विचारलं, मग वेदना मोजणारी रक्ताची तपासणीच नाही का? त्या म्हणाल्या, ‘ऑपरेशनच्या आधीच्या, नंतरच्या रक्तातल्या अशा खुणांवरून कोणाचं दुखणं लांबेल हे आधी ओळखता येईल का, यावर संशोधन चाललंय. पण आज एका बाईचा रिपोर्ट बघून, हिला तीन महिन्यांनी दुखेल आणि हिला नाही, असं सांगणारी तपासणी माझ्याकडे नाही. मी तुम्हालाच विचारणार. शून्य ते दहा, किती?’

आणखी एक सांगितलं. ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं हा आता वेगळा आजार म्हणून धरतात. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत त्याची स्वतंत्र नोंद आहे. घरी येऊन मी हे जाऊबाईंना पहिलं सांगितलं.

उपाय जादूचे नाहीत. रात्री प्रेगाबालिन, ही नसेच्या दुखण्यावरची गोळी. पहिले आठ दिवस एवढी गुंगी की भर दुपारी सुई बोटात जाता जाता वाचली, मशीन बंद ठेवावं लागलं. बधिर करणारी पट्टी, बारा तास लावायची, बारा तास काढायची. ती महाग आहे आणि एप्रिलच्या घामात कडेनं सुटते, मी वरून मलमलची पट्टी बांधायचे. खांद्याचे व्यायाम. आणि वही. डॉक्टरांनी छापील तक्ता दिला होता, पण मी मापाच्या वहीतच लिहायला लागले. एका पानावर छाती-कंबर-दंड-बाही, समोरच्या पानावर तारीख, वेळ, आकडा, काय करत होते. एप्रिलच्या शेवटी ६, ७, ६. मेच्या मध्यावर ५, ४, ५. गेल्या आठवड्यात बहुतेक ३. एक ८ पण आहे, त्या दिवशी भाचीच्या लग्नाचे चार ब्लाउज एका बैठकीत संपवले, तो माझाच शहाणपणा.

स्वतःसाठी एक ब्लाउज बेतलाय, तो सांगते, कोणाला उपयोग झाला तर. पुढून बटणं, उजव्या कुशीत शिवणच ठेवली नाही, माया बाहेरच्या बाजूला, आत मऊ मलमलचं अस्तर. तीन वेळा धुऊन मगच घातला. टू बाय टूचं कोरं कापड अजून सोसत नाही.

तर लॅबचे तारे. रक्त घेणाऱ्या त्या ताई: पाच. पहिला पोरगा: एक, तोही नवा म्हणून. वेळेवर रिपोर्ट: चार. रिपोर्टाची मांडणी: दीड, एकक मोठं छापेपर्यंत. फोनवरची उपाशी राहायला सांगणारी मुलगी: दोन, तिला कोणी शिकवलंच नसणार. ३२०० चं पॅकेज: शून्य. डॉक्टरांनी लिहून दिलेली सीबीसी-सीआरपी मागवा, सातशेच्या आत होते. ‘वेदनेचं कारण कळतं’ म्हणून कोणी काही विकायला लागलं तर फोन ठेवा. वेदनेच्या ओपीडीचा रिव्ह्यू कोणी मागितला नाही, पण केसपेपरचे पैसे आणि एसटीचं तिकीट धरून ते पॅकेजपेक्षा कितीतरी स्वस्त पडलं.

परवा त्या रक्तवाल्या ताई संध्याकाळी आल्या, डबा न घेता. हिरवं इरकली काढून म्हणाल्या, मावशी, मला एक शिवून द्या, घाई नाही. दंडाला टेप लावला तर त्यांनी सवयीनं मूठ वळली. ‘मूठ सोडा ताई, सैल,’ मी म्हटलं. दंड साडेदहा. गुरुवारी द्यायचाय.